गॅलापागोसच्या तळाचे झरे

१९७७ च्या फेब्रुवारीत 'नॉर' हे अमेरिकी संशोधन जहाज पनामाहून प्रशांत महासागरात निघाले. त्यावर भूगर्भशास्त्रज्ञ होते, भूभौतिकीची माणसे होती, रसायनशास्त्रज्ञ होते आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्यांवर हात बसलेले तंत्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता. त्याला सोबत न्यावे असे कोणाला वाटलेच नाही. अडीच हजार मीटर खोलीवर उजेड पोहोचत नाही, पाणी दोन अंशांवर गारठलेले असते आणि वरून पडणाऱ्या मृत जीवांच्या कणांवर जे काही तग धरते ते अगदी तुरळक, हे मत तेव्हा पक्के झालेले होते. नॉरवरची मंडळी निघाली होती ती पृथ्वीच्या उष्णतेचा हिशेब जुळवायला.

हा हिशेब का जुळत नव्हता, ते आधी पाहायला हवे. जगातल्या महासागरांच्या तळातून सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीची डोंगररांग गेलेली आहे. मारी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी १९५० च्या दशकात खोलीच्या नोंदींवरून तिचे नकाशे काढायला घेतले. रांगेच्या माथ्यावरून गेलेली खोल खचदरी प्रथम थार्प यांच्या ध्यानात आली. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडले की, या खचदरीतून खालचा तप्त खडक वर येतो, गोठतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जाऊन नवा सागरतळ तयार होतो. तसे असेल तर माथ्याजवळ तळातून भरपूर उष्णता बाहेर पडायला हवी. शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळात लांब सळया खुपसून ती मोजली, तर ती अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरली. उरलेली गेली कुठे? क्लाइव्ह लिस्टर यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे होते की, समुद्राचे थंड पाणी भेगांतून खडकात मुरत असावे, आत तापत असावे आणि झरे होऊन पुन्हा बाहेर येत असावे.

रसायनशास्त्रज्ञांना वेगळाच पेच पडला होता. नद्या युगानुयुगे समुद्रात मॅग्नेशियम आणून टाकत आहेत, तरी समुद्रात ते त्या मानाने साठलेले नाही. म्हणजे ते कुठेतरी काढून घेतले जात होते. झरे सापडले असते तर दोन्ही पेच एकदम सुटले असते. पण सापडायला हवे होते. १९७४ मध्ये फ्रेंच आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी पाणबुड्या घेऊन अटलांटिकच्या डोंगररांगेची मोठी पाहणी केली. ताजा लाव्हा भरपूर दिसला, पण जिवंत गरम झरा काही मिळाला नाही.

समुद्राच्या पोटात गरम पाणी असू शकते, याचा एक पुरावा त्याआधीच हाती आला होता आणि तो आपल्याकडच्या समुद्रांतून. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. त्या वर्षांत तांबड्या समुद्राच्या तळाशी असलेल्या खड्ड्यांत ब्रिटनच्या 'डिस्कव्हरी' जहाजाला ४४ अंश तापमानाचे अतिखारट पाणी लागले आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या 'अटलांटिस-२'ने ५६ अंशांची नोंद केली. खालचा गाळ धातूंनी भरलेला निघाला. भारताने त्या मोहिमेत भाग घेतला होता. तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावलाला जाणाऱ्यांनी तिची इमारत पाहिलेली असते, पण तिच्या जन्माचा धागा इथवर जातो हे फार थोड्यांना माहीत असते.

गॅलापागोस बेटांच्या ईशान्येला सुमारे ४०० किलोमीटरवर कोकोस आणि नाझ्का हे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या तळावरून 'डीप टो' हे उपकरण ओढत नेले. पाण्याचे तापमान काही ठिकाणी किंचित वाढल्याची नोंद मिळाली. छायाचित्रांत एके ठिकाणी मोठमोठ्या पांढऱ्या शिंपल्यांचा ढीग दिसला आणि शेजारी बिअरचा रिकामा डबा. कुठल्या तरी जहाजावर शिंपल्यांची मेजवानी झाली असेल आणि उष्टे-खरकटे पाण्यात टाकले असेल, अशी थट्टा झाली. त्या जागेला 'क्लॅमबेक' हे अशा मेजवानीचेच नाव पडले. कॅथलीन क्रेन ही स्क्रिप्सची तरुण संशोधक विद्यार्थिनी त्या मोहिमेवर होती. पुढच्या जहाजाला जागा नेमकी सापडावी म्हणून तळावर ध्वनिखुणा सोडून ठेवण्याच्या कामात तिचा हात होता. पुढच्या वर्षी नॉरवरही ती होती. आजच्यासारखे उपग्रहांवरून जागा दाखवणारे साधन तेव्हा नव्हते. भर समुद्रात खोल तळावरची शंभर मीटरची जागा पुन्हा गाठायची तर अशा खुणांवाचून गत्यंतर नव्हते.

नॉरने आधी पाण्यात सोडला तो 'अँगस'. पोलादी नळ्यांचा दोन टनांचा सांगाडा, त्यात कॅमेरे, दिवे आणि एक नाजूक तापमापक. लांबलचक दोराला बांधून तो तळापासून काही मीटर वर ठेवायचा आणि जहाजाने हळूहळू ओढत न्यायचा. वर बसलेल्यांना तळ दिसत नसे, दिसत असे तो फक्त तापमानाचा आलेख. रात्रभर आलेख सरळ चालला होता. मग एकदम काटा वर उडाला आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा खाली आला. अँगस वर आल्यावर फिल्म धुऊन काढली, तर बारा तासांतली सुमारे ३,००० छायाचित्रे होती. तासन् तास एकच दृश्य, काळा उशीसारखा फुगलेला लाव्हा. तापमान वाढल्याच्या वेळेशी छायाचित्रांची वेळ जुळवली, तेव्हा तेवढ्या १३ चौकटींत गढूळ निळसर पाणी होते आणि लाव्ह्यावर शेकडो शिंपले आणि शिनाणे दाटीने बसलेले होते. चौदाव्या चौकटीपासून पुन्हा उघडा लाव्हा.

उपकरणाचा दोष म्हणून ही तीन मिनिटे बाजूला सारणे सहज शक्य होते. समुद्रावर तारा ओल्या होतात आणि मापक चुकतात, हे तर रोजचेच. ती नोंद त्या लोकांनी फिल्मशी चौकट चौकट करून ताडून पाहिली. या सगळ्या शोधाचे श्रेय एका जागी ठेवायचेच असेल, तर ते या चिकाटीला द्यायला हवे.

पुढचे काम 'अल्विन'चे. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल संस्थेची ही पाणबुडी १९६४ पासून समुद्रात जात होती. १९६६ मध्ये स्पेनजवळ अमेरिकी विमानातून समुद्रात पडलेला हायड्रोजन बॉम्ब शोधण्यात तिचा वाटा होता. १९६८ मध्ये पाण्यात सोडताना तिच्या तारा तुटल्या आणि ती सुमारे १,५०० मीटर खोल बुडाली. आतली माणसे कशीबशी बाहेर पडली, जेवणाचा डबा मात्र आतच राहिला. दहा महिन्यांहून अधिक काळानंतर तिला वर काढले, तेव्हा डब्यातले सँडविच भिजलेले होते, पण खराब झालेले नव्हते. होल्गर यानाश या सूक्ष्मजीवतज्ज्ञाने त्यावर अभ्यास केला आणि खोल समुद्रात जीवाणूंचे काम अतिशय मंद चालते, असे दाखवले. तळ म्हणजे जवळपास थिजलेले जग, या समजुतीला त्या डब्याने चांगलेच बळ दिले होते. १९७३ मध्ये अल्विनचा पोलादी गोल काढून टायटॅनियमचा बसवला आणि ती ३,६०० मीटरपर्यंत जाऊ लागली. तिला वाहून नेणारे 'लुलू' हे जोडहोडीसारखे जहाज होते. ज्या ॲलिन व्हाइन यांच्या नावावरून अल्विन हे नाव आले, त्यांच्या आईचे नाव लुलू.

गोलाचा आतला व्यास जेमतेम दोन मीटर. त्यात तीन माणसे, यंत्रे आणि नमुन्यांच्या वह्या. मधोमध चालक बसतो. बाजूच्या बशीएवढ्या खिडक्यांतून पाहायचे तर दोन्ही शास्त्रज्ञांना अंग मुडपून बसावे लागते. खाली जाताना यंत्र चालवत नाहीत, पोलादी वजनांच्या भाराने पाणबुडी आपोआप उतरत राहते. अडीच किलोमीटर उतरायला दीड तास लागतो. निळे पाणी काही मिनिटांत काळे होते, भिंती गार पडत जातात आणि श्वासांतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन जमते. १७ फेब्रुवारी १९७७ रोजी जॅक डॉनेली या चालकाबरोबर जॅक कॉरलिस आणि चेर्ड व्हान आंडेल हे दोन भूगर्भशास्त्रज्ञ असे उतरले. खुणेची जागा गाठली तेव्हा समोरचे पाणी थरथरत होते, तापलेल्या रस्त्यावरची हवा दिसते तसे. तापमापकाने आठ अंश दाखवले. आजूबाजूच्या दोन अंशांच्या पाण्यात ते सहा अंश म्हणजे इतक्या वर्षांच्या शोधाचे फळ होते. झरा सापडला होता.

पण दोघांची नजर झऱ्यावर ठरेना. फूटभर लांबीचे पांढरे शिंपले, पिवळट शिनाणे, त्यांच्यामधून फिरणारे पांढरे खेकडे. कॉरलिसने पाण्यातल्या टेलिफोनवरून लुलूवरच्या डेब्रा स्टेक्स या विद्यार्थिनीला विचारले की, खोल समुद्र वाळवंटासारखा असतो ना? तिने होकार दिला. मग इथे हे एवढे प्राणी कसे, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्या क्षणी त्याचे उत्तर जहाजावर कोणाकडेच नव्हते.

उत्तराचा पहिला दुवा नाकाने दिला. अल्विनने आणलेल्या पाण्याच्या बाटल्या नॉरवरच्या प्रयोगशाळेत उघडल्या आणि सडक्या अंड्यांचा वास पसरला. हायड्रोजन सल्फाइड! वज्रेश्वरी, तुरळ किंवा उन्हवऱ्याच्या कुंडांवर गेलेल्यांना गंधकाचा वास ओळखीचा असेल. हा वायू बहुतेक प्राण्यांना विषारी, पण काही जीवाणू त्याच्याशी ऑक्सिजनचा संयोग घडवून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर अन्न तयार करतात. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचा हा मार्ग १८८० च्या दशकातच ओळखला होता. मात्र एवढी भरलेली वस्ती त्या मार्गावर उभी राहू शकते, असे कोणी धरले नव्हते.

प्राणी वर आले तेव्हा ते ठेवायचे कशात, ही अडचण निघाली. जीवशास्त्रज्ञ नव्हता, म्हणून त्याचे सामानही नव्हते. थोडेसे फॉर्मॅलिन मिळाले आणि पनामात घेतलेला रशियन व्होडका होता. नव्या जगाचे पहिले काही नमुने किनाऱ्यावर पोहोचले ते त्या व्होडकात बुडून.

रसायनशास्त्राचा पेचही सुटत आला. एमआयटीच्या जॉन एडमंड यांनी नमुने तपासले तेव्हा दिसले की, पाणी जितके गरम तितके त्यातले मॅग्नेशियम कमी. रेषा पुढे वाढवली तर मॅग्नेशियम शून्यावर येते तिथे तापमान ३५० अंशांच्या आसपास निघत होते. म्हणजे मूळचे पाणी खडकात इतके तापलेले असते, मॅग्नेशियम खडकाला देऊन टाकते आणि वर येता येता थंड पाण्यात मिसळून कोमट होते. तेव्हा मोजलेले सगळ्यात गरम पाणी वीस अंशांच्याही खाली होते. इतक्या कोमट पाण्यावरून साडेतीनशे अंशांचा अंदाज बांधणे हे या मोहिमेतले सगळ्यात देखणे काम म्हणावे लागेल.

त्याचा पडताळा १९७९ च्या एप्रिलमध्ये मिळाला, मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर, २१ अंश उत्तर अक्षांशावर. आदल्या वर्षी 'सियाना' या फ्रेंच पाणबुडीने तिथून धातूंच्या सल्फाइडचे खडक आणले होते. अल्विनचा चालक डडली फॉस्टर याला समोर एक उंच दगडी नळी दिसली आणि तिच्या तोंडातून काळाकुट्ट लोट उसळत होता. त्याने तापमापकाची दांडी आत घातली. वर आल्यावर पाहतात तो दांडीचे प्लॅस्टिकचे टोक वितळलेले. अल्विनच्या खिडक्याही प्लॅस्टिकच्याच जातीच्या, तेव्हा या झऱ्याच्या फार जवळ जाणे जिवावर बेतले असते. नवी दांडी करून मोजले तेव्हा तापमान ३५० अंशांच्या घरात निघाले. एवढ्या तापलेल्या पाण्याची वाफ होत नाही, कारण वर अडीच किलोमीटर समुद्राचा दाब असतो. त्यात विरघळलेले लोह, तांबे, जस्त थंड पाण्याला भिडताच सल्फाइडचे काळे कण होऊन बाहेर पडतात आणि नळीच्या काठावर थर चढत जातो. 'ब्लॅक स्मोकर' हे नाव त्यांना तेव्हापासून चिकटले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला फ्रेड ग्रासल यांच्यासह जीवशास्त्रज्ञांचा गट गॅलापागोसला जाऊन आला होता. 'रोझ गार्डन' असे नाव पडलेल्या झऱ्यावर त्यांना पांढऱ्या नळ्यांचे रान दिसले आणि प्रत्येक नळीच्या टोकाला रक्तासारखा लाल तुरा. दोन मीटरपर्यंत वाढणारा हा कृमी. त्याला तोंड नाही, पोट नाही, आतडे नाही. मग हा खातो काय? स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स १९८० मध्ये हार्वर्डला व्याख्यान देत होते. या कृमीच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आढळल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा श्रोत्यांतली कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली की, मग याच्या शरीरात गंधकावर जगणारे जीवाणूच असले पाहिजेत. वर्षभरात तिने ते दाखवून दिले. लाल तुऱ्यातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही वाहून नेते, आतले जीवाणू त्यातून अन्न बनवतात आणि कृमी त्यांच्यावर पोसला जातो.

'सूर्याविना जगणारी सृष्टी' असे याचे वर्णन नेहमी होते. ते पूर्ण खरे नाही, कारण या जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन समुद्रात येतो तो वरच्या उजेडातल्या वनस्पतींमुळेच. तरी अन्नाची ऊर्जा खडकातून येते, ही गोष्ट उरतेच, आणि तिचा परिणाम दूरवर गेला. १९८१ मध्ये कॉरलिस, जॉन बॅरॉस आणि सारा हॉफमन यांनी पृथ्वीवरच्या जीवनाची सुरुवातच अशा झऱ्यांपाशी झाली असावी, असा विचार मांडला. त्यावरचा वाद अजून चालू आहे.

या जागा टिकाऊ नाहीत, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. १९९१ मध्ये मध्य अमेरिकेच्या पश्चिमेला अल्विन एका ठिकाणी उतरली, तर तिथे नुकताच उद्रेक होऊन गेला होता आणि करपलेले कृमी लाव्ह्यात विखुरलेले होते. अडीच-तीन वर्षांत त्याच जागी दीड मीटरचे नवे कृमी उभे राहिले. गारठलेल्या, संथ समुद्रतळाच्या कल्पनेत इतकी झपाट्याची वाढ बसतच नव्हती. आणि रोझ गार्डन? १९९० पर्यंत शास्त्रज्ञ तिथे जाऊन आले होते. २००२ मध्ये शोधाच्या पंचविसाव्या वर्षी पुन्हा गेले, तर बाग सापडेना. ताज्या लाव्ह्याने ती गाडून टाकली होती. जवळच बोटभर कृमींची कोवळी वस्ती मात्र मिळाली. तिला त्यांनी 'रोझबड' म्हटले.

हिंदी महासागराची पाळी उशिरा आली. मॉरिशसच्या आग्नेयेला जिथे तीन डोंगररांगा मिळतात, तिथे २००० साली जपानच्या 'कायको' या यंत्राने पहिला क्रियाशील झरा पाहिला. त्याला 'काइरेई' हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी सिंडी व्हॅन डोव्हर यांच्या नेतृत्वाखाली नॉर तिकडे आले, तेच १९७७ चे नॉर. त्या मोहिमेत सापडलेल्या नव्या क्षेत्राला, त्याच वर्षी वारलेल्या एडमंड यांचे नाव देण्यात आले. काइरेईवर एक गोगलगाय मिळाली. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचे काळे आवरण. असा दुसरा प्राणी कोणाला माहीत नाही. २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत झाली आणि कारण दिले गेले ते खोल समुद्रातल्या खाणकामाचे. तेव्हा ती ज्या तीन झरेक्षेत्रांत माहीत होती, त्यांपैकी दोन क्षेत्रे खनिजांच्या शोधासाठी देशांना दिलेल्या पट्ट्यांत येत होती.

त्या शोधात भारतही आहे. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी महासागराच्या डोंगररांगांवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये सल्फाइडचा शोध घेण्याचा हक्क भारताला मिळाला. २०२५ मध्ये अरबी समुद्राकडच्या कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला. वास्को इथले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वयंचलित यंत्र ४,५०० मीटर खोल उतरवून एका क्रियाशील झऱ्याचे छायाचित्र मिळवले. तीन माणसांना घेऊन ६,००० मीटरवर जाऊ शकेल अशी 'मत्स्य-६०००' ही पाणबुडी चेन्नईत तयार होते आहे. तिचाही गोल टायटॅनियमचा आणि जेमतेम दोन मीटर व्यासाचा.

हे काम अभिमानाचे आहे आणि त्यासाठी पैसा खर्च व्हायलाच हवा. पण करारातला शब्द 'सल्फाइड' आहे, आणि त्या सल्फाइडच्या नळ्यांवरच ही वस्ती राहते. तांबे आणि जस्त जमिनीवरही मिळते, खवल्यांची गोगलगाय मिळत नाही. भारताच्या पट्ट्यातल्या प्रत्येक झऱ्यावर कोण राहते याची पाहणी आधी पूर्ण व्हावी, ती सर्वांना वाचायला खुली व्हावी, आणि तोवर खाणकामाची परवानगी सरकारने मागू नये.